सही जुळत नाही

नेड्रा टोलमनने चष्मा कपाळावर चढवला आणि लाल खुणांच्या रांगेवरून बोट हळूहळू खाली आणलं. काउंटरच्या पलीकडे जिल्हा कचेरीची निवडणूक कारकून जनेल उभी होती आणि स्टेपलरमध्ये पिना भरत होती. पिना आधीच भरलेल्या होत्या.

"चौदा?" नेड्राने विचारलं.

"चौदा. बाकीचे बाद झालेत ते नेहमीचेच. कुणी दुसऱ्या जिल्ह्यातला, कुणाचं यादीत नावच नाही. त्यांचं काही होण्यासारखं नाही. पण या चौदांची नावं बरोबर आहेत, पत्ते बरोबर आहेत. फक्त सही कचेरीतल्या मतदार नोंदणीच्या कार्डावरच्या सहीशी जुळत नाही."

"आणि कमी किती पडतात?"

"अकरा." जनेलने स्टेपलर खाली ठेवला आणि चर्चमधल्या संबोधनानेच म्हटलं, "सॉरी, सिस्टर टोलमन. मी तीनतीनदा पाहिलं."

"तीनदा कशाला? मी तुला दोनदा बघायला शिकवलं होतं."

खरंच शिकवलं होतं. जनेल ज्या स्टुलावर बसत होती त्यावर नेड्राने एकतीस वर्षं काढली होती. सही ताडताना माणूस आठवायचा नाही, फक्त हात बघायचा. शेजारीण असो की मेयर, अक्षराची वळणं जुळली तर घ्यायची, नाही तर लाल पेन्सिल. हा तिचा नियम. त्यापायी तिच्या सख्ख्या दिराची सही तिने एकदा बाद केली होती आणि तो पुढचे दोन ख्रिसमस घरी आला नव्हता.

निवृत्त झाल्यावर बाईने रजया शिवाव्यात, नातवंडं खेळवावीत, अशी गावाची अपेक्षा. नेड्रा निघाली सह्या गोळा करायला, आणि त्याही गांजासाठी. सदुसष्ट वर्षांत जिने कॉफीचा घोट घेतला नाही, चर्चच्या नियमाने चहासुद्धा वर्ज्य, ती बाई सह्यांचे कागद लावलेली पाटी हातात धरून किराणा दुकानाच्या दारात उभी राहिली. आजारी माणसाने डॉक्टरच्या चिठ्ठीने गांजा घेतला तर पोलिसांनी त्याला धरू नये, एवढा प्रश्न नोव्हेंबरच्या मतदानात लोकांसमोर ठेवायचा होता. त्यासाठी राज्यातल्या अठरा मतदारसंघांतून ठरलेल्या सह्या लागत होत्या. सतरा झाले होते. अठरावा हा. बुधवारी संध्याकाळी पाचला कचेरीचं दार बंद झालं की सगळ्या राज्याचं मुसळ केरात, पुढची खेप दोन वर्षांनी. आज सोमवार होता.

नेड्राने यादी घडी करून पर्समध्ये ठेवली.

"नवं कार्ड भरून त्याच दिवशी सही केली तर चालते. कलम माझ्या डोक्यात आहे," ती म्हणाली.

"चालते. पण माझ्यासमोर भरायला हवं. इथे येऊन."

"येतील."

"सिस्टर टोलमन, कुणीकुणी आहेत ते पाहिलंत का?"

नेड्रा तोवर दाराकडे निघाली होती. पिकअपमध्ये बसल्यावर तिने यादी पुन्हा उघडली आणि या वेळी नियम मोडून माणसं आठवली.

वर्डा स्टोक्स, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी; संधिवाताने बोटं आल्याच्या गाठींसारखी झालेली. बटाट्याची शेती करणारा ग्लेड पर्किन्स. कॅन्सरच्या औषधाने त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली होती, शर्टाची बटणं बायको लावत होती. एक अर्धांगाचा, एक कंपवाताचा. एक मुलगी अवघी सव्वीस वर्षांची, फिट येऊन पडली तेव्हा मनगट मोडलेलं. चौदांपैकी तेरा आजारी. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्याच सह्या नेमक्या बाद. चौदावा तेवढा धडधाकट होता. त्याने घाईघाईत ट्रॅक्टरच्या चाकावर कागद टेकवून सही मारली होती.

नेड्राने किल्ली फिरवली नाही. एकतीस वर्षांत आपण किती लाल खुणा केल्या असतील, असं तिच्या मनात आलं. आणि त्यातल्या किती खुणा थरथरणाऱ्या हातांवर? कुणी कधी तक्रार घेऊन आलं नव्हतं. आजारी माणसं तक्रार करायला जिना चढत नाहीत. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटल्यावर तिला नेहमी होतं तसंच झालं: राग आला, आणि रागाने अंगात जोर आला.

*

"किती?" ऑरिनने खिडकीजवळच्या खुर्चीतून विचारलं.

"अकरा कमी."

"तुझी शिष्या काय म्हणाली?"

"सॉरी म्हणाली."

"वाया गेली म्हणजे. तू कधी कुणाला सॉरी म्हणाली नाहीस."

ऑरिन टोलमनचं वय एकाहत्तर. गावातल्या जवळजवळ प्रत्येक दुकानाची पाटी त्याच्या हातची. दाताच्या डॉक्टरची, डेअरीची, पेंडीच्या दुकानाची, पाण्याच्या टाकीवरचं गावाचं नावसुद्धा. लोक म्हणत, ऑरिनने रंगवलेली पाटी दुकानापेक्षा जास्त टिकते, आणि दोनतीन दुकानांच्या बाबतीत ते खरंही झालं होतं. मग नऊ वर्षांपूर्वी नसांचा आजार जडला. आधी पायांतलं बळ गेलं, मग हात थरथरायला लागले. रात्री पोटऱ्यांत असे गोळे यायचे की हा उंचापुरा माणूस उशीत तोंड खुपसून ओरडायचा. नदीपलीकडच्या राज्यात गांजा कायदेशीर होता. तिथून ग्लेड दर महिन्याला गांजाच्या बिस्किटांचा डबा आणायचा, ट्रकमध्ये बटाट्याच्या पोत्यांखाली. अर्धं बिस्किट खाल्लं की ऑरिन झोपायचा. अर्धं बिस्किट घरात सापडलं तर दोघंही तुरुंगात.

आणि या ऑरिनने सही केली नव्हती.

ऑक्टोबरमध्ये नेड्राने पहिला कागद आणला तो त्याच्याच पुढ्यात ठेवला होता. त्याने पेन उचललं, पेनाचं टोक कागदावर नाचलं, आणि त्याने पेन खाली ठेवलं. "माझं नाव मला धड काढता येईल तेव्हा काढीन," एवढंच म्हणाला. तिने पुन्हा विषय काढला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तिच्या पाठीमागे बायका म्हणायच्या, आणि ते तिला कळायचं. पण तिचाही पीळ काही कमी नव्हता. आजही तिने यादी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली, बारा फोन केले आणि त्याला काही विचारलं नाही.

बारा अशासाठी, की चौदांतला एक जण ईस्टरच्या आठवड्यात वारला होता आणि दुसऱ्याला मुलीने शहरात नेलं होतं. बारांतल्या दहांनी येतो म्हणून सांगितलं. ट्रॅक्टरवाला धडधाकट म्हणाला, माझी सही माझी आहे, ती पुन्हा कशाला करू, मला पेरणी आहे. राहिली वर्डा. ती फोनवर नुसती "बघू" म्हणाली.

"म्हणजे वर्डा आली तर अकरा. नाही आली तर दहा," ऑरिन म्हणाला. तो ऐकत होता तर.

"हिशेब मलाही येतो," नेड्रा म्हणाली आणि बटाटे सोलायला उठली.

*

वर्डा स्टोक्स ब्याऐंशी वर्षांची. मंगळवारी नेड्रा तिच्याकडे गेली तेव्हा ती पियानोच्या स्टुलावर पाठ करून बसली होती.

"माझा स्टर्लिंग पोलिसांत, शेरीफच्या हाताखाली आहे, ते विसरलीस का?" ती म्हणाली. "पहिली सही मी त्याला न सांगता केली. दुकानाच्या दारात, कोबी घेता घेता. आता कचेरीत सगळ्यांसमोर करू? त्याला वर्दीत लोक काय विचारतील?"

"काय विचारतील?"

"तुझी आई गांजा ओढते का, असं विचारतील."

"ओढतेस का?"

"मलम लावते!" वर्डा उसळली. "फक्त मलम! आणि तेसुद्धा ग्लेडने आणून दिलं म्हणून!"

नेड्रा हसली नाही. "वर्डा, मी जबरदस्ती करायला आले नाही. फक्त एक सांगते. कागदावर तुझ्या नावापुढे लाल खूण आहे. सही जुळत नाही म्हणजे कायद्याच्या हिशेबी ती तुझी नाही. कुणीतरी दुसऱ्याच बाईने केलीय."

"दुसऱ्या बाईने?"

"तसंच."

"कोण म्हणतं असं?"

"जनेल."

"जनेल!" वर्डा स्टुलावर गर्रकन फिरली. "तिला मी सहा वर्षं पियानो शिकवला! चौथं बोट कधी उचललं नाही त्या पोरीने, आणि ती माझा हात ओळखत नाही?"

"हात ओळखतेच गं. कार्डावर जो आहे तो. तो तुझ्या लग्नाच्या वेळचा आहे."

वर्डाने आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "स्टर्लिंगला सांगावं लागेल," आणि याहून जास्त काही बोलायला तयार झाली नाही.

*

बुधवारी दुपारी दोनपासून माणसं येऊ लागली. ग्लेडने आपली मोठी व्हॅन काढली होती. "चोरून बिस्किटं आणतो, तर उजेडात माणसं आणायला काय जातंय," असं म्हणत त्याने दोन खेपांत सातजण आणून सोडले. कचेरीच्या दगडी पायऱ्या सोळा. नेड्राने त्या हजारदा चढल्या होत्या आणि मोजल्या आज.

जनेलने काउंटरच्या बाहेर बुटकं टेबल आणि हाताची खुर्ची मांडली होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नेड्राने ते पाहिलं आणि मान डोलावली. तिच्याकडून तेवढं म्हणजे शाबासकीच.

"पूर्वीसारखी काढायला जाऊ नका," नेड्रा प्रत्येकाला सांगत होती. "आता हात जशी काढतो तशीच काढा. कार्डावर जशी, तशीच लगेच कागदावर. वाकडी तर वाकडी, दोन्हीकडे सारखी वाकडी."

कंपवाताच्या म्हाताऱ्याने सही केली ती मुंग्यांची रांग निघावी तशी बारीक, आणि दोन्ही रांगा एकाच वळणाने गेल्या. अर्धांगवाल्याने डाव्या हाताने पहिलीतल्या मुलासारखी मोठी मोठी अक्षरं काढली. ग्लेडला बोटांत पेन आहे की नाही हेच कळत नव्हतं, त्याने ते मुठीत धरलं आणि दोन कार्डं वाया घालवून तिसरं भरलं. "बायकोला सांगू नका," तो म्हणाला, "ती म्हणेल बटणं लावता येत नाहीत आणि सह्या करतोय." मनगट मोडलेल्या मुलीने सही केल्यावर आपलं कार्ड उचलून धरलं आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढला. सही झाल्यावर घरी जायला सगळे मोकळे होते. पण कुणी गेलं नाही. कॉरिडॉरच्या बाकांवर सगळे ओळीने बसून राहिले, रविवारच्या कपड्यांत, काठ्या गुडघ्यांत धरून. ही माझी माणसं, असं नेड्राला वाटलं, आणि ते मनात ठेवण्याऐवजी तिने प्रत्येकाला कागदी पेल्यातून पाणी नेऊन दिलं.

जनेल एकेक कार्ड आणि एकेक सही शेजारी शेजारी धरून बघत होती. दोनदा, तीनदा नाही.

साडेचारला दहा झाले होते. वर्डाचा पत्ता नव्हता.

नेड्रा खिडकीपाशी गेली. खाली त्यांची पिकअप उभी होती आणि तिच्यात ऑरिन बसला होता, हॅट घालून, समोर बघत. सकाळी तो म्हणाला होता, तुझ्याबरोबर येतो, जरा वारा लागेल. ती खाली जाऊन त्याला सही कर म्हणू शकली असती. दोन शब्दांचं काम होतं, आणि तो नाही म्हणाला नसता हेही तिला ठाऊक होतं. ती दारापर्यंत गेली. मग तिथेच थांबली. दोन वर्षं अजून बिस्किटं पोत्यांखालून आणावी लागली असती तरी चाललं असतं, पण या माणसाकडून त्याचं नाव मागून घ्यायचं नव्हतं. ती परत येऊन बसली आणि हातांचा चाळा सुरू होऊ नये म्हणून तिने ते पर्सखाली दाबून ठेवले.

चार वाजून अडतीस मिनिटांनी खाली शेरीफ खात्याची गाडी येऊन थांबली.

बाकांवरची कुजबुज बंद झाली. ग्लेडने नकळत खिशावर हात नेला, जणू खिशात डबाच होता. स्टर्लिंग स्टोक्स वर्दीत उतरला, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि गाडीचं मागचं दार उघडलं, जिथे पकडलेल्या माणसांना बसवतात ते. आतून वर्डा उतरली. हातात दालचिनीच्या पावांचं ताट, वर फॉइल लावलेलं.

"पुढच्या सीटवर त्याची बंदूक आणि कागदपत्रं," ती सोळा पायऱ्या चढून आल्यावर धापा टाकत म्हणाली. "आईला मागे बसवलं. सगळ्या गावाने पाहिलं! मला वाटलं, आता आज मी खरीच गुन्हेगार."

"मी ड्युटीवर आहे," स्टर्लिंग नेड्राला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मला काही माहीत नाही. आईला कचेरीत काम होतं, मी सोडायला आलो." आणि तो दार धरून उभा राहिला, आईचं काम होईपर्यंत.

वर्डाने पेन घेतलं. नाव काढायच्या आधी जनेलकडे पाहून म्हणाली, "बघ, चौथं बोट असं उचलतात." ते बोट उचललं गेलं नाही, कधीचंच उचललं जात नव्हतं. पण तिने कार्डावर सही केली, कागदावर केली, आणि दोन्हीकडचा 'व्ही' सारखाच उजवीकडे कलंडला. जनेलने पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"घेतली," ती म्हणाली. "अकरा."

कॉरिडॉरमध्ये टाळ्या वाजल्या. आजारी माणसांच्या टाळ्यांना फारसा आवाज नसतो, त्यामुळे त्या थांबल्या तेव्हाच पायऱ्यांवरचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. काठी, पाऊल, काठी, पाऊल, मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा काठी.

नेड्रा उठली नाही. तिला उठून धावायचं होतं, पण सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळत होतं की ऑरिन टोलमन जिना चढत असताना त्याला हात द्यायचा नसतो. स्टर्लिंग मात्र दार आणखी उघडून बाजूला झाला. ऑरिन आत आला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"झालं, ऑरिन," ग्लेड ओरडला. "अकरा झाले! तू उगाच आलास."

"ऐकलं. वर्डाला वर जाताना पाहिलं, तेव्हाच माझा हिशेब झाला होता."

"मग?"

"मग काय? कमी पडत असताना आलो असतो तर म्हणाला असतात, बायकोने कान धरून आणला." तो हाताच्या खुर्चीत बसला, काठ्या टेबलाला टेकवल्या, हॅट काढली. "जनेल, कार्ड दे मला एक."

जनेलने जुनं कार्डही काढलं, नियमच होता तो. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचं. त्यावरची सही पाहून मनगट मोडलेली मुलगी "बाप रे" म्हणाली. ती सही नव्हती, पाटी होती. टोलमनच्या 'टी'ला असा तुरा की फ्रेम करून लावावा. ऑरिनने तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि ते कार्ड पालथं घातलं.

मग त्याने नव्या कार्डावर आपलं नाव काढलं. वेळ लागला. हात पुढे जायच्या आधी दोनतीनदा मागे यायचा, रेघ फुटायची. त्याने कुठेही थांबून खाडाखोड केली नाही. लगेच कागद ओढला आणि बाराव्या ओळीवर पुन्हा काढलं. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून कागदावर पडायच्या आत वर्डाने तो आपल्या रुमालाने टिपला आणि ऑरिनने तिला टिपू दिला. गावातल्या सगळ्या पाट्या एका पारड्यात घातल्या तरी ही दोन फुटकी नावं नेड्राला जड वाटली असती.

जनेलने कार्ड आणि कागद शेजारी धरले. दोनदा पाहिलं. मग तिसऱ्यांदा पाहिलं, आणि तेव्हाच नेड्राला कळलं.

ती उठून काउंटरपाशी गेली. कार्डावरचं नाव वर चढत गेलं होतं, कागदावरचं खाली घसरलं होतं. एकीकडे 'आर' तुटला होता, दुसरीकडे 'एल'. बाकीच्यांचा हात वाकडा होता, पण वाकडेपणा एकच होता. ऑरिनचा हात दोन वेळा एकसारखा वाकडाही होत नव्हता.

"मी स्वतः बघितलंय त्यांना सही करताना," जनेल हलक्या आवाजात म्हणाली. "सगळ्यांनी बघितलंय. मी घेते."

"तू बघितलंस हे कागदावर कुठे दिसतं?" नेड्रा म्हणाली. तिलाही आवाज हलकाच ठेवायचा होता, पण तो तसा राहिला नाही. "उद्या विरोधकांचा वकील शहरातून येईल आणि एकेक ओळ भिंगाखाली घालेल. न जुळणारी एक सही तू घेतलेली सापडली, की म्हणेल सगळा कागदच ओळखीपाळखीने पास केलाय. मग या अकरांचं काय?"

ग्लेड आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"तुम्ही असता तर काय केलं असतं?" जनेलने विचारलं.

नेड्राने ऑरिनकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. सोळा पायऱ्या चढून आलेला, भिजलेला, आणि डोळे मात्र पाटी रंगवून झाल्यावर रस्त्याच्या पलीकडे जाऊन ती न्याहाळायचा तेव्हासारखे बारीक केलेले. त्यानेच मान हलवली.

"जुळत नाही," तो म्हणाला. "आंधळ्यालाही दिसेल. खूण कर, जनेल."

"बाद," नेड्रा म्हणाली.

जनेलने लाल पेन्सिल घेतली आणि बाराव्या ओळीपुढे खूण केली.

ऑरिन खो खो हसायला लागला. आधी कुणाला कळेना. "पाहिलीत?" तो बाकांकडे वळून म्हणाला. "पाहिलीत माझी बायको? एकतीस वर्षं मी हिच्याबद्दल सगळ्यांना सांगत आलो आणि तुम्हाला वाटायचं, ऑरिन वाढवून सांगतो. नवऱ्यालासुद्धा सोडलं नाही!" छाती एवढी फुगली होती, जणू बक्षीस त्यालाच मिळालं होतं. वर्डा डोळे पुसत पावांवरचं फॉइल काढायला लागली. जनेलने कागदावर शिक्का मारला. पाचला सात कमी होते.

निघताना ऑरिन काउंटरपाशी थांबला.

"सही बाद. पण कार्ड राहिलं ना?"

"कार्ड राहिलं," जनेल म्हणाली. "यापुढे तुमची सही तीच. नोव्हेंबरला टपालाने मत पाठवाल, तेव्हा पाकिटावरची सही त्या कार्डाशीच ताडून बघणार."

"कोण बघणार?"

"मीच."

"मग त्याची एक झेरॉक्स दे मला."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नेड्रा कोंबड्यांना दाणे टाकून स्वयंपाकघरात आली तेव्हा टेबल कागदांनी भरलं होतं. बियाण्यांच्या कॅटलॉगची कोरी पानं, जुन्या पाट्यांचे नमुने उलटे करून, आणि मधोमध ती झेरॉक्स चिकटपट्टीने लावलेली. कोको गार होऊन त्यावर साय आली होती. ऑरिनने बाह्या वर केल्या होत्या.

"काय करतोयस?"

"नक्कल." त्याने मान वर केली नाही. "आयुष्यभर लोकांची अक्षरं उतरवली. हे त्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. सरळ रेघ कुणीही शिकतो गं. ही बघ, इथे कशी फुटलीय. अशी फोडायला वेळ लागतो."

त्याने पेन टेकवलं. हात मागे आला, पुढे गेला, नाव वर चढायला लागलं. नेड्रा पाठीमागे उभी राहून बघत होती. शेवटचं अक्षर संपल्यावर त्याने कागद उचलून झेरॉक्सशेजारी धरला आणि खुर्चीत मागे रेलला.

"बघ. जुळतंय?"

नेड्राने चष्मा कपाळावर चढवला. तिने दोनदा पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "'ऑरिन'मधला दुसरा 'आर' कार्डावर जास्त वाकडा आहे."

"किती जास्त?"

"थोडासा. हा एवढा."

"मे, जून, जुलै," ऑरिन पुटपुटला आणि नोव्हेंबरपर्यंत बोटं मोजली. मग पेन पुन्हा उचललं. नेड्राने खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसून पुढचा कोरा कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला.